१८६२ ची देवीची साथ, व्हिक्टोरियातले गोरे वसाहतकार आणि किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या ब्रिटिश कोलंबियात, १८६२ साली देवीची साथ आली. काही महिन्यांत गावेच्या गावे ओस पडली. रोग जहाजातून आला. पण एवढी माणसे गेली ती गोऱ्या वस्तीने आपल्या शेजाऱ्यांकडे कसे पाहिले आणि त्यातून कोणते निर्णय घेतले, यामुळे. खालचे प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात.

नेमके काय घडले?

'ब्रदर जोनाथन' नावाची आगबोट १८६२ च्या मार्च महिन्याच्या मध्यास सॅन फ्रान्सिस्कोहून व्हिक्टोरिया बंदरात आली. तिच्यात सोने शोधायला निघालेले शेकडो उतारू होते आणि त्यांच्यातल्या एकाला तरी देवी आलेल्या होत्या. १८ मार्चला गावच्या वर्तमानपत्रात रोगाची पहिली बातमी छापून आली. एप्रिलमध्ये गावाबाहेरच्या त्सिमशियन लोकांच्या तळावर माणसे मरू लागली. २८ एप्रिलला पोलीस कमिशनर ऑगस्टस पेम्बर्टन यांनी त्या तळाला एका दिवसात जागा सोडण्याचा हुकूम दिला. मागून हैदा आणि उत्तरेकडच्या इतर लोकांवरही तीच वेळ आली. झोपड्या जाळल्या, तोफनौका उभ्या केल्या आणि आजारी व निरोगी अशा सगळ्यांना एकाच होडीत बसवून उत्तरेला पिटाळले. उन्हाळा संपेपर्यंत रोग अलास्काच्या हद्दीपर्यंत पोचलेला होता.

त्या वेळी व्हिक्टोरियात कोण कोण राहत होते?

हे गाव फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या किल्ल्याभोवती वाढलेले. १८५८ मध्ये फ्रेझर नदीकाठी सोने सापडले आणि तंबूंचे शहर उभे राहिले. बंदराच्या पलीकडच्या काठावर साँगीज लोकांचे गाव होते. ही जमीन मुळात त्यांचीच, लक्वंगन भाषा बोलणाऱ्यांची. त्याशिवाय दर वसंतात उत्तरेकडून हैदा, त्सिमशियन, हैल्त्सुक, ट्लिंगिट लोक लांब होड्यांतून येत आणि गावाच्या कडेला तळ ठोकत. व्यापार करत, मजुरी करत, गोऱ्यांच्या घरांत आणि खाणावळींत राबत. अशा पाहुण्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास असे.

गोऱ्यांना त्यांचे श्रम हवे होते, फर हवी होती, मासे हवे होते. त्यांचे शेजारी राहणे मात्र नको होते. साथ येण्याच्या आधीपासून 'यांना गावातून हलवा' अशी मागणी चालूच होती. साथीने तिला निमित्त दिले.

'इंडियन' म्हणावे की दुसरे काही?

१८६२ च्या कागदपत्रांत सरसकट 'इंडियन' असे लिहिलेले आहे. त्याचा आपल्या भारतीयांशी संबंध नाही. आज कॅनडात 'फर्स्ट नेशन्स' हा शब्द रूढ आहे आणि शक्य तिथे त्या त्या समाजाचे नाव घेणे सर्वांत चांगले. हैदा आणि त्सिमशियन यांच्या भाषा वेगळ्या, गावे वेगळी, जुनी भांडणेही होती. सगळ्यांना एका शब्दात कोंबणे हीच वसाहतकारांची पहिली चूक होती, कारण 'इंडियन' हाकला म्हटले की कोण आजारी, कोण लस घेतलेला आणि कोणाचे घर समोरच आहे, हे कोणी विचारत नाही.

देवी पसरतात कशा? लोकांना गावाबाहेर काढण्यात चूक काय होती?

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देवीचा संसर्ग झाल्यावर साधारण १० ते १४ दिवस माणूस ठणठणीत दिसतो. या काळात तो दुसऱ्याला रोग देत नाही. मग अचानक जोराचा ताप, पाठदुखी, डोकेदुखी. दोन-चार दिवसांनी तोंडात आणि घशात पुरळ उठते, पाठोपाठ चेहऱ्यावर आणि हातापायांवर. इथपासून तो इतरांना धोकादायक. फोड पाण्याने भरतात, मग पुवाने, मग खपली धरते. शेवटची खपली पडेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, संसर्गाचा धोका राहतो. अंथरूण-पांघरुणातूनही रोग जातो. लस नसलेल्या दहांतले तीन जण सरासरीने मरत.

आता होडीचा हिशेब मांडून पाहा. व्हिक्टोरियापासून हैदा लोकांची बेटे आठशे किलोमीटरांहून जास्त दूर. एका सिडारच्या खोडातून कोरलेल्या मोठ्या होडीत बायका, मुले, म्हातारी माणसे आणि सामान. वल्हवत, रोज संध्याकाळी किनाऱ्यावर मुक्काम करत जायचे, म्हणजे दोन आठवडे सहज जातात. तळावर रोग फिरत असताना निघालेल्या होडीत तीन प्रकारची माणसे होती: फोड आलेली, ताप चढू लागलेली आणि अजून काहीच न दिसणारी. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला ताप येतो तो वाटेत किंवा घरी पोचल्यावर. म्हणजे तो आपल्या गावात अगदी नेमक्या वेळी पोचतो, रोग द्यायला लागण्याच्या वेळी. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर आणि गावात ठिणगी पडत जाते.

याउलट तळ जागीच ठेवला असता, आजाऱ्यांना वेगळे काढले असते, पाणी-सरपण पुरवले असते आणि बाकीच्यांना लस टोचली असती, तर रोग व्हिक्टोरियाभोवतीच अडला असता. ही आजची शहाणीव नव्हे. देवीच्या रोग्याला वेगळे ठेवायचे, हे १८६२ मध्ये डॉक्टरांना, गव्हर्नरला आणि संपादकांनाही ठाऊक होते. गोऱ्या रोग्यासाठी इस्पितळाची चर्चा त्याच आठवड्यांत चालू होती.

लस होती का? मग ती सगळ्यांना का मिळाली नाही?

होती. जेन्नरच्या लशीला तोवर साठाहून जास्त वर्षे झाली होती. मुंबईत तर १४ जून १८०२ रोजीच तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती टोचली गेली. आपल्याकडे ज्याला 'देवी काढणे' म्हणत आणि ज्याचा वाटोळा व्रण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर अजून दिसतो, तीच ही लस.

त्या काळची पद्धत हातावरून हातावर नेण्याची. लस घेतलेल्याच्या दंडावर आठव्या दिवशी टपोरा फोड येतो. तो टोचून निघालेला स्वच्छ द्रव दुसऱ्याच्या कातडीवर ओरखडा काढून लावायचा. हा द्रव काचेच्या दोन पट्ट्यांत किंवा बारीक नळीत साठवून दूरही पाठवता येई. त्यात बिघडायचे ते असे: उष्णतेने द्रवाचा जोर जातो, फार उशिरा काढलेला द्रव गढूळ होऊन धरत नाही आणि मध्येच पुढचा माणूस मिळाला नाही तर साखळीच तुटते.

पण या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. साठा आपोआप वाढतो. एका फोडातून चार जणांना लस देता येते असे धरा. दहा जणांपासून सुरुवात केली तर आठव्या दिवशी ४०, सोळाव्या दिवशी १६०, चोविसाव्या दिवशी ६४० जणांना टोचता येते. काही टोचण्या फुकट जातात हे मान्य करूनही वेग दिसतो. १८ मार्चच्या बातमीपासून २८ एप्रिलच्या हुकमापर्यंत ४१ दिवस होते, म्हणजे अशा पाच फेऱ्या.

हे कागदावरचेच गणित नाही. डॉ. जॉन सेबॅस्टियन हेल्मकेन यांनी एप्रिलच्या अखेरपर्यंत सुमारे ५०० मूळ रहिवाशांना लस दिली, त्यांत साँगीज पुष्कळ होते. एका डॉक्टरकडून एवढे झाले. उत्तरेकडच्या तळांवर हेच काम मोठ्या प्रमाणावर करायला कोणी पुढे आले नाही. संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आत टोचली तरी ही लस वाचवू शकते, त्यामुळे तळावर रोग दिसल्यावरही वेळ गेलेली नव्हती.

वर्तमानपत्रे काय लिहीत होती?

गावात दोन प्रमुख पत्रे होती, 'डेली ब्रिटिश कलोनिस्ट' आणि 'व्हिक्टोरिया डेली प्रेस'. दोघांत राजकीय वैर असले तरी या विषयावर सूर जवळजवळ एकच.

'कलोनिस्ट'चा २८ एप्रिलचा अग्रलेख मुद्दाम शोधून वाचावा. 'इंडियन' रात्रंदिवस गावात मोकळे फिरतात, रस्त्यांवर रांगा लावून उभे असतात, नाटकगृहातल्या खालच्या जागा भरतात, घरांत नोकर म्हणून आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतही कामाला असतात, अशी तक्रार त्यात आहे. रोग फक्त त्यांच्यातच राहणार असता तर काहींना स्वस्थ बसता आले असते, अशी कबुलीही त्यात सापडते. आणि मागणी अशी, की त्यांना गोऱ्यांपासून दूर कुठेतरी हलवा आणि झोपड्या सामानासकट जाळून टाका.

या अग्रलेखातली काळजी कोणाची, ते पाहा. स्वयंपाकघराचा उल्लेख येतो तो आचाऱ्याच्या जिवासाठी नव्हे, जेवणाऱ्याच्या जिवासाठी. रोगी माणूस आणि रोग या दोन गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच झालेल्या आहेत. म्हणून 'रोग काढा' आणि 'माणसे काढा' ही वाक्ये त्याला सारखीच वाटतात.

दुसरा सूर दयेचा. पुढच्या आठवड्यांत उत्तरेहून परतलेल्या जहाजांच्या कप्तानांनी किनाऱ्यावर पडलेल्या प्रेतांचे आणि रिकाम्या गावांचे वर्णन केले. ते छापताना संपादक हळहळतात, पण 'ही जमात नामशेष होणारच होती' अशी समजूत त्या हळहळीच्या तळाशी असते. मला हा दुसरा सूर पहिल्याइतकाच घातक वाटतो. जे अटळ मानले, ते टाळण्यासाठी कोणी लस घेऊन होडीत बसत नाही.

सरकारने काहीच केले नाही का?

केले, पण अर्धवट आणि मग उलट दिशेने. गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी २७ मार्चला विधानसभेला देवीच्या रोग्यांसाठी इस्पितळाचा प्रस्ताव पाठवला. सभेत प्रश्न आला सक्तीचा: रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात ठेवायचे का? सभापती हेल्मकेन, म्हणजे लस देणारे तेच डॉक्टर आणि डग्लस यांचे जावई, सक्तीच्या विरुद्ध होते. गोऱ्या रोग्याच्या व्यक्तिस्वातंत्र्याबद्दल एवढी घासाघीस झाली. महिनाभराने हजारो मूळ रहिवाशांना घराबाहेर काढताना स्वातंत्र्याचा प्रश्न कोणाला आडवा आला नाही.

डग्लस यांचा जन्म ब्रिटिश गियानातला, आई मिश्र वंशाची, पत्नी अमेलिया क्री या मूळ समाजातल्या आईची मुलगी. मूळ रहिवाशांशी व्यवहार करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. त्यांच्याच कारकिर्दीत हे घडले. एकट्या माणसाची समज आणि प्रशासनाची सवय यांत किती अंतर असू शकते, ते इथे दिसते.

पेम्बर्टन यांच्या हुकमामागे 'ग्रॅपलर' आणि 'फॉरवर्ड' या दोन तोफनौकांचे बळ होते. जूनमध्ये 'फॉरवर्ड'ने २६ होड्या दोर बांधून उत्तरेकडे ओढत नेल्या. त्यांत सुमारे ३०० माणसे होती. सरकारकडे आगबोट होती, कोळसा होता, खलाशी होते. लस आणि अन्न नेण्यासाठी तेच वापरता आले असते.

सगळे गोरे सारखेच वागले का?

नाही, आणि ही वेगळी उदाहरणे महत्त्वाची आहेत, कारण 'त्या काळात दुसरे काही शक्यच नव्हते' हा बचाव ती खोडून काढतात.

अँग्लिकन पाद्री अलेक्झांडर गॅरेट त्सिमशियन तळावर गेले, तिथल्या मृत्यूंची माहिती त्यांनी गावाला दिली आणि रोग्यांसाठी कामचलाऊ इस्पितळ उभे करण्यात ते होते. फ्रेझर नदीच्या खालच्या खोऱ्यात कॅथलिक पाद्री लेऑं फुके यांनी गावोगाव लस टोचली आणि त्या भागात हानी खूपच कमी झाली. हडसन्स बे कंपनीच्या काही ठाण्यांवरच्या लोकांनीही लस दिली. कंपनीचा स्वार्थ त्यात होता, कारण फर आणणारी माणसे जगायला हवी होती. हेतू कोणताही असो, लस काम करते.

मिशनरी विल्यम डंकन यांचे उदाहरण मात्र गुंतागुंतीचे. २७ मे १८६२ रोजी ते उत्तर किनाऱ्यावरचे कंपनीचे ठाणे फोर्ट सिम्पसन सोडून पन्नासएक त्सिमशियन अनुयायांसह मेटलाकाटला इथे गेले. हे स्थलांतर आधीच ठरलेले होते. त्याच सुमारास देवी फोर्ट सिम्पसनला पोचल्या आणि तिथे शेकडो माणसे मेली. मेटलाकाटलात लस आणि अलगपणा यांमुळे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. डंकन यांनी त्याचा अर्थ देवाची कृपा असा लावला आणि गावात राहायचे तर जुने विधी सोडावे लागतील असे नियम घातले. जीव वाचवणे आणि संस्कृती मोडणे ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली.

साँगीज लोक जवळच राहत होते. ते कसे वाचले?

त्यांनी स्वतः निर्णय घेतला. बऱ्याच जणांनी लस घेतलेली होती. एप्रिलअखेर ते व्हिक्टोरिया सोडून हॅरो सामुद्रधुनीतल्या डिस्कव्हरी बेटावर गेले आणि साथ ओसरेपर्यंत तिथे राहिले. त्यांचे फार थोडे लोक दगावले. रोगाच्या उगमापासून सर्वांत जवळ राहणारे सर्वांत कमी मेले आणि आठशे किलोमीटरांवरचे सर्वांत जास्त. हा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणला की 'हे लोक लस घेत नव्हते', 'त्यांना विलगीकरण कळत नव्हते' ही विधाने टिकत नाहीत.

प्रतिकारशक्तीच नव्हती, म्हणून एवढे मेले असे म्हणतात. खरे का?

अर्धे खरे. जन्मतः देवीची प्रतिकारशक्ती गोऱ्यांनाही नव्हती. त्यांच्यातल्या पुष्कळांना लहानपणी लस मिळालेली असे किंवा रोग होऊन गेलेला असे, एवढाच फरक. उत्तर किनाऱ्यावर याआधीची देवीची साथ १८३६ ते १८३८ मधली, म्हणजे १८६२ मध्ये पंचविशीच्या आतल्या सगळ्यांसाठी हा रोग नवा होता.

दुसरे कारण शुश्रूषेचे. घरातली सगळी माणसे एकदम पडली की पाणी कोण आणणार, चूल कोण पेटवणार, तान्ह्याला कोण पाजणार? त्यात वाटेतला उघडा किनारा, पाऊस, उपास. अशा वेळी रोगाने न मरणाराही तहानेने मरतो. गोरे लेखक मृत्यूंचे खापर 'त्यांच्या चालीरीतीं'वर फोडत, विशेषतः वाफेचे स्नान करून थंड पाण्यात उतरण्यावर. तापात ते अपायकारक होते खरे. पण हजारो मृत्यूंचे मूळ त्यात शोधणे म्हणजे ओसाड किनाऱ्यावर माणसे कोणी पाठवली, हा प्रश्न टाळणे.

एकूण किती माणसे गेली?

शिरगणती नव्हती, म्हणून सगळे आकडे अंदाजाचे. व्हिक्टोरिया ते अलास्का या किनाऱ्यावर अभ्यासक साधारण १४ हजार मृत्यू धरतात, अंतर्भाग मिळवला तर २० हजारांच्या आसपास. किनाऱ्यावरची निम्मी लोकसंख्या. हैदा लोक साथीआधी काही हजार होते, १८८१ च्या जनगणनेत ते आठशेच्या थोडे वर उरले. मधल्या काळात इतर रोगही आले, म्हणून ही सगळी घट १८६२ च्या खात्यावर टाकू नये. व्हिक्टोरियातले गोरे मृत्यू मोजकेच होते.

उरलेल्यांनी गावे एकत्र केली. हैदा मुख्यतः स्किडगेट आणि मॅसेट या दोन गावांत जमले, हैल्त्सुक बेला बेलाला. प्रत्येक सोडलेल्या गावाबरोबर त्या कुळाची नावे, नाच, मासेमारीच्या जागांवरचे हक्क सांगणारी म्हातारी माणसेही गेली होती.

देवीच्या घोंगड्या मुद्दाम वाटल्या, हे खरे का?

लेखी पुरावा असलेले प्रसिद्ध प्रकरण दुसरीकडचे आणि शंभर वर्षे आधीचे आहे. जून १७६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट पिट इथे ब्रिटिशांनी देवीच्या इस्पितळातल्या दोन घोंगड्या आणि एक रुमाल लेनापे या तिथल्या मूळ समाजाच्या प्रतिनिधींना दिला. सेनापती ॲमहर्स्ट यांनी पत्रातून अशीच सूचना केली होती. ते प्रकरण उचलून १८६२ मध्ये चिकटवू नये.

ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागात मेलेल्यांच्या घोंगड्या गोळा करून व्यापाऱ्यांनी पुन्हा विकल्याची हकिकत त्याच दशकात लिहिली गेली आहे. अनेक फर्स्ट नेशन्सच्या तोंडी इतिहासात रोग जाणूनबुजून आणल्याचे सांगितले जाते. काही अभ्यासक ते मानतात, काहींच्या मते हा बेपर्वाईचा आणि भीतीचा परिणाम. आमचे मत असे, की घोंगडी सिद्ध होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. परिणाम काय होणार ते माहीत असताना हुकूम काढला गेला, तो अंमलात आणला गेला, आणि उत्तरेहून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्यावरही जूनमध्ये होड्या ओढून नेल्या गेल्या. एवढे तर सरकारी आणि छापील नोंदींतच आहे.

त्सिल्कोटिन युद्धाचा या साथीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. साथ १८६२-६३ मध्ये अंतर्भागातल्या चिलकोटिन पठारावर, म्हणजे त्सिल्कोटिन लोकांच्या मुलखात पोचली. १८६४ मध्ये आल्फ्रेड वॉडिंग्टन यांच्या कंपनीचा सोन्याच्या खाणींकडे जाणारा रस्ता त्सिल्कोटिन प्रदेशातून, त्यांना न विचारता, काढला जात होता. कामाच्या तळावरून पीठ चोरीला गेल्यावर एका गोऱ्याने तिथल्या लोकांची नावे वहीत लिहून घेतली आणि तुम्ही सगळे देवीने मराल, अशी धमकी दिल्याचे त्या काळी नोंदले गेले. ज्यांनी नुकतीच आपली निम्मी माणसे पुरली होती, त्यांना हे शब्द कसे ऐकू आले असतील?

३० एप्रिल १८६४ च्या पहाटे त्सिल्कोटिन योद्ध्यांनी रस्त्याच्या तळावर हल्ला केला. पुढे त्यांचा प्रमुख क्लात्सासिन वाटाघाटीच्या समजुतीने आला आणि त्याला अटक झाली. न्यायाधीश मॅथ्यू बेगबी यांनी खटला चालवला. २६ ऑक्टोबर १८६४ रोजी पाच जणांना फाशी दिले, सहाव्याला पुढच्या वर्षी. २०१४ मध्ये प्रांताच्या सरकारने आणि २६ मार्च २०१८ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत हे सहाही जण निर्दोष असल्याचे जाहीर केले.

या साथीमुळे जमिनीचे काय झाले?

व्हँकुव्हर बेटावर डग्लस यांनी १८५० ते १८५४ दरम्यान १४ करार केले होते. बाकीच्या ब्रिटिश कोलंबियाचा बहुतेक भाग कराराशिवायच घेतला गेला. साथीनंतर 'रिकामी जमीन' हा शब्द सोयीचा झाला. १८६४ नंतर जमीन खात्याचे प्रमुख जोसेफ ट्रच यांनी मूळ रहिवाशांचा जमिनीवर हक्कच नाही अशी भूमिका घेतली आणि आधी आखलेले राखीव भाग कापले. डिस्कव्हरी बेटावर जाऊन वाचलेल्या साँगीज लोकांनाही १९११ मध्ये बंदराकाठचे गाव सोडावे लागले.

हा वाद जुना झालेला नाही. २६ जून २०१४ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १,७५० चौरस किलोमीटर जमिनीवर त्सिल्कोटिन लोकांचा मूळ हक्क मान्य केला. २०२४ मध्ये प्रांत सरकारने करार करून हैदा ग्वाय बेटांवरचा हैदा लोकांचा हक्क मानला.

पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगशी याची तुलना करता येईल का?

सावधपणे. दोन्हीकडे सत्ताधाऱ्यांना रोगी माणूस आणि रोग यांत फरक दिसला नाही, दोन्हीकडे घरात घुसणे आणि सामान जाळणे झाले. पण दिशा उलटी होती. मुंबईत लोक शहर सोडून पळत होते, तेव्हा सरकारने रेल्वे स्टेशनांवर उतारू तपासले, कारण बंदर, गिरण्या आणि मजूर टिकायला हवे होते. पुण्यात रँडच्या काळात माणसांना उचलून छावणीत नेले. व्हिक्टोरियात छावणी काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तिथे गोऱ्यांना जमीन हवी होती आणि तिच्यावरची माणसे दूर जायला हवी होती.

त्या काळची वर्तमानपत्रे वाचायची कशी?

'कलोनिस्ट'चे १८५८ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि गव्हर्नरांचा लंडनशी झालेला पत्रव्यवहारही व्हिक्टोरिया विद्यापीठाने खुला केलेला आहे. शब्द टाकून शोधण्यावर विसंबू नका. जुन्या छपाईत अक्षरे पुसट असतात आणि 'स्मॉलपॉक्स' हा शब्द कधी जोडून, कधी मध्ये रेघ देऊन छापलेला असतो. १२ मार्च ते ३० जून १८६२ हे अंक ओळीने चाळा. अग्रलेखाबरोबर जहाजांच्या ये-जा करण्याच्या बातम्या आणि पोलीस कोर्टाचे रकानेही पाहा, कारण खरी माहिती तिथल्या दोन ओळींत सापडते. आकडा दिसला की तो कोणी पाहिला आणि कोणाकडून ऐकला ते वेगळे लिहा. आणि मृत गोऱ्याचे नाव छापलेले असते, मृत मूळ रहिवाशाचे जवळजवळ कधीच नसते, हेही टिपून ठेवा.

मुले तिथल्या शाळेत जातात. सभेच्या सुरुवातीला 'ही जमीन अमुक लोकांची' असे म्हणतात, ते काय?

व्हिक्टोरियात ते नाव लक्वंगन लोकांचे, म्हणजे साँगीज आणि एस्क्वायमाल्ट यांचे असते. व्हँकुव्हरमध्ये मस्क्विअम, स्क्वॉमिश आणि त्स्लेल-वॉतुथ यांचे. करार न करता घेतलेल्या जमिनीचा तो जाहीर उच्चार आहे. मुलांनी विचारले तर डिस्कव्हरी बेटाची गोष्ट सांगा. त्यात मूळ रहिवासी केवळ मरणारे नाहीत, विचार करून जगलेलेही आहेत. मोठ्या मुलांना हैस्ला प्रमुख ग्प्सगोलॉक्स यांच्या खांबाची गोष्टही सांगता येईल. देवीत कुटुंब गमावल्यावर त्यांनी १८७२ मध्ये उभारलेला हा नऊ मीटर उंच खांब १९२९ मध्ये स्वीडनला नेला गेला. हैस्ला लोकांनी नवा खांब कोरून स्टॉकहोमच्या संग्रहालयाला दिला आणि २००६ मध्ये मूळ खांब घरी आणला.

ओस पडलेली गावे पाहता येतात का?

हैदा ग्वायच्या दक्षिण टोकाजवळचे 'स्गांग ग्वाय' पाहता येते. १९८१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. फक्त होडीने किंवा समुद्रविमानाने पोचता येते. आधी नोंदणी करावी लागते आणि माहितीसत्राला बसावे लागते. उन्हाळ्यात तिथे हैदा राखणदार राहतात. होडीतून उतरण्यापूर्वी त्यांची परवानगी मागायची, एका वेळी बाराच माणसे किनाऱ्यावर जातात. सिडारचे स्मृतिस्तंभ अजून उभे आहेत, काही कलले आहेत. त्यांना रंग लावलेला नाही, काचेत ठेवलेले नाही. लाकूड कुजून मातीत जावे अशीच हैदा रीत आहे. खांबांना हात लावायचा नाही. चालायची वाट पांढऱ्या शिंपल्यांनी आखलेली असते, तिच्या बाहेर पाऊल टाकू नये, कारण शेवाळाखाली घरांचे खड्डे आहेत आणि त्यांत माणसे राहत होती.